अडतीस नंबरची जागा

मिशिगनमधल्या त्या छोट्या गावात हार्लन टिमरला सगळे भरवशाचा माणूस म्हणत, आणि ते ऐकायला त्याला फार आवडे. चाळीस वर्षं त्याने शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या, एकही रस्त्यात बंद पडू दिली नाही. चर्चमध्ये खुर्च्या मांडायच्या असोत की हिवाळा सरल्यावर कुणाच्या ट्रेलरची पाण्याची टाकी धुवायची असो, हार्लन हजर. अशा माणसाच्या हातून एखादी नीच गोष्ट घडली, तर ती त्याला पचत नाही. सराव नसतो ना.

दर ऑगस्टात हार्लन आणि त्याची बायको मार्लिस, शेजारचा व्हर्लिन पोस्टमा आणि त्याची बायको आर्डिथ असे चौघे मोटारींमागे दोन ट्रेलर, म्हणजे चाकांवरची घरंच, ओढत तळ्याकाठच्या सरकारी पार्कात दहा दिवस राहायला जात. बावीस वर्षं हा नेम. तिथली अडतीस नंबरची जागा अगदी पाण्याला लागून. ट्रेलरचं दार उघडलं की समोर तळं. ती दर वर्षी व्हर्लिनला मिळे, कारण बुकिंग बरोबर सहा महिने आधी सकाळी आठला उघडतं आणि त्या घाईत व्हर्लिनचा हात धरणारा कुणी नव्हता. हार्लनच्या वाट्याला मागची रांग, कचरापेटीजवळची. बावीस वर्षं त्याने तळं पाहिलं ते दुसऱ्याच्या शेकोटीपुढे खुर्ची टाकून. बोलला कधी नाही, पण मनात खुपायचं.

गेल्या ऑक्टोबरात व्हर्लिनला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली, चालायला वॉकर आला. अडतीस नंबरला सिमेंटचा सपाट चौथरा आहे, बाथरूम चार पावलांवर. बाकीच्या जागा वाळूच्या, तिथे वॉकर रुततो. म्हणजे जायचं तर तिथेच, नाहीतर घरी बसायचं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आर्डिथ आपलं खातं आणि पासवर्ड एका कागदावर लिहून घेऊन आली.

"हार्लन, ते कॉम्प्युटरचं माझ्याने होत नाही रे. तू आहेस म्हणून मी निश्चिंत आहे."

"झालंच समज," हार्लन म्हणाला, आणि म्हणताना त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं.

नऊ तारखेला, बुकिंग उघडायच्या दिवशी, बाहेर गुडघाभर बर्फ होतं. हार्लन पावणेआठलाच कॉफी घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला. आर्डिथचा कागद शेजारीच होता. आठला दोन मिनिटं कमी असताना त्याने खातं उघडलं, ते स्वतःचं. हात सवयीने गेला असं तो पुढे मनाला समजावत राहिला, पण ते खोटं. नावाची अक्षरं एकेक करून टाइप करावी लागतात, आणि प्रत्येक अक्षराला त्याला ठाऊक होतं आपण काय करतोय. आठ वाजले, त्याने बटण दाबलं, पडद्यावरच्या नकाशातला हिरवा अडतीस लाल झाला. जागा त्याची. त्याला पोरासारखा आनंद झाला. तो जेमतेम मिनिटभर टिकला.

मग त्याने आर्डिथला फोन लावला. "गेली गं. आठच्या ठोक्याला कुणीतरी उचलली."

"जाऊ दे," आर्डिथ म्हणाली. "तू तरी काय करणार?" मागे व्हर्लिन अडखळत काहीतरी सांगत होता. ती हसली. "ऐक, हा काय म्हणतोय. एक दिवस नुसती मोटार घेऊन जाऊ, आणि अडतीसला जो कोण असेल त्याला विचारू, तासभर पाण्याशी बसू देता का. चांगली माणसं असतील, म्हणतो."

त्या पार्कात प्रत्येक जागेच्या खांबावर, ज्याचं बुकिंग त्याच्या आडनावाची चिठ्ठी लावतात. फोन ठेवता ठेवता हार्लनला ती चिठ्ठी दिसली. टिमर. आणि वॉकर धरून ती वाचत उभा असलेला व्हर्लिन.

मार्लिस आत आली. "मिळाली का त्यांना?"

"मला मिळाली."

"म्हणजे?"

"म्हणजे... माझ्या नावावर."

तिने त्याच्याकडे बघितलं, मग त्या कागदाकडे. "रविवारी चर्चमध्ये त्यांच्याच बाकावर बसतोस ना? कोणतं तोंड घेऊन बसायचं ते आत्ताच ठरवून ठेव."

हार्लनचे कान शरमेने तापले. बुकिंगवरचं नाव बदलता येत नाही. मग त्याला युक्ती सुचली: पडद्यावरच्या एका खिडकीत आपलं रद्द करायचं आणि दुसऱ्या खिडकीतून लगेच पोस्टमांच्या खात्यावर घ्यायचं. कुणाला काही कळायलाच नको. बघा, पाप निस्तरायचं तेही चोरून. रद्द झालेल्या जागांवर शेकडो लोक फोन घेऊन टपलेले असतात हे त्याला माहीत होतं, व्हर्लिननेच कधीतरी सांगितलं होतं. तरी त्याने रद्द केलं, दुसऱ्या खिडकीत गेला, बटण दाबलं. लाल. पुन्हा दाबलं. लालच.

आता त्याचं सकाळचं खोटं खरं झालं होतं. जागा खरोखरच कुणीतरी उचलली होती. खांबावर कुणा तिऱ्हाइताचं नाव लागणार, त्याचं बिंग कधीच फुटणार नव्हतं. त्याला हायसं वाटलं. आणि हायसं वाटल्याची इतकी लाज वाटली की अंगात कोट न घालताच तो बर्फ तुडवत शेजारी गेला.

"अरे, कोट कुठाय तुझा?" आर्डिथने दार उघडलं. तिच्या हातात झाकलेलं भांडं होतं. "मीच निघाले होते तुझ्याकडे. वाटाण्याचं सूप आहे, सॉसेज घालून. सकाळी सकाळी आमच्यासाठी बसलास..."

खिडकीजवळच्या खुर्चीतून व्हर्लिनने डाव्या हाताने त्याला बसायची खूण केली.

हार्लन बसला नाही. उभ्याउभ्याच त्याने सगळं सांगितलं, आपलं खातं उघडल्यापासून ते जागा रद्द करेपर्यंत. "बावीस वर्षं मला ती हवी होती," तो म्हणाला, आणि हे आपल्याच तोंडून ऐकून त्याची त्यालाच किळस आली.

व्हर्लिनने तोंड खिडकीकडे वळवलं.

"आता तुझं नाव कुठेच आलं नसतं," आर्डिथ हळू आवाजात म्हणाली. "मग सांगायला कशाला आलास? सकाळी आमची नुसती जागा गेली होती, हार्लन."

ते भांडं द्यावं की परत ठेवावं हे आर्डिथला क्षणभर कळेना. शेवटी तिने ते त्याच्या हातात दिलं आणि तो जाईपर्यंत दार उघडं धरून उभी राहिली.