गाळलेल्या जागा

मला इंग्रजीचे चार हजार शब्द पाठ होते आणि त्यातला एकही वाक्यात धड बसवता येत नव्हता. हे मी हसत सांगते आहे असं समजू नका. मला अजून हसायला येत नाही.

बँकेच्या क्लार्कच्या परीक्षेचा तो माझा शेवटचा फॉर्म. वय संपत आलं होतं, त्यानंतर बसूच देत नाहीत. आधी दोन वेळा गणित निघालं, बुद्धिमत्ता निघाली आणि इंग्रजीत आपटले. त्या परीक्षेत प्रत्येक विषय वेगळा सुटावा लागतो, वर पुन्हा सगळ्यांची बेरीजही भरावी लागते. पण मी अडायची ती इंग्रजीतच, त्यामुळे आमच्या घरात 'परीक्षा' हा शब्दच कुणी वापरत नसे. "इंग्रजी कवा हाय?" असंच अब्बा विचारायचे.

अब्बा रहिमतपूरच्या बाजारपेठेत रफू करायचे. कापडदुकानाच्या ओट्यावर चार फूट जागा, एक सतरंजी, सुयांची डबी, आणि मांडीवर कुणाचं तरी जळलेलं, उंदरानं कुरतडलेलं, खिळ्याला अडकून फाटलेलं कापड. घरात आम्ही दोघंच. आई मी बारावीत असताना गेली. मला नोकरी लागली की अब्बांनी ओट्यावरून उठायचं, एवढंच ठरलं होतं. नशिबाकडे दुसरं काही मागणं नव्हतं आमचं.

मी सांगलीत खोली घेऊन राहत होते आणि दिवसभर अभ्यासिकेत बसत होते. तिथं प्रत्येकाकडे एक दोनशेपानी वही. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे एका शब्दात मराठी अर्थ, आणि पाढ्यांसारखं घोकायचं. शिवाय तिथली एक ठाम समजूत होती, की गाळलेल्या जागेसाठी चार पर्याय दिले तर त्यातला सगळ्यात अवघड शब्द तोच बरोबर. पेपर काढणारा उगाच कशाला एवढा अवघड शब्द घालेल? ही अक्कल पहिल्यांदा कुणी काढली देव जाणे, पण नव्या मुलांना ती आल्या आल्या मिळायची. मलाही मिळाली आणि मी ती जिवापाड जपली. क्लासचे सर "संदर्भ बघा, संदर्भ" म्हणून ओरडायचे. तो कसा बघायचा, ते मात्र कधी त्यांच्या तोंडून बाहेर पडलं नाही.

परीक्षेला नऊ दिवस उरले असताना सराव पेपर झाला. त्यात एक वाक्य होतं. म्हातारा इतका टिंबटिंब होता, की शेजाऱ्यांकडे मदत मागेना. पर्याय होते प्राउड, ॲरोगंट, कन्सीटेड आणि सुपरसिलिअस. माझ्या वहीत चारींसमोर माझ्याच अक्षरात एकच अर्थ लिहिलेला, गर्विष्ठ. मी सुपरसिलिअसवर खूण केली. उच्चारताना जीभ वळत नाही, म्हणजे तोच असणार. बरोबर उत्तर होतं प्राउड. का, ते मला कळलं नाही. तीस वाक्यांत माझी आठ बरोबर आली.

पाच वर्षं मी काय केलं? शब्द घोकले, मेसची भाजी गिळली आणि अब्बांना फोनवर "चाललंय बरं" सांगितलं. वही पिशवीत कोंबली आणि रहिमतपूरची गाडी धरली. वाटेत शेजारच्या बाईनं दोनदा विचारलं, कुणी गेलं का गं तुझं. मी मान हलवली. तिनं त्याचा काय अर्थ घेतला कोण जाणे.

ओट्याशी पोचले तेव्हा दुपार होती. अब्बांच्या मांडीवर एका रिटायर्ड सुभेदारांचा लोकरी कोट होता. छातीशी रुपयाएवढं भोक, इस्त्रीनं जळलेलं. सुभेदारांच्या मुलीचं दुसऱ्या दिवशी लग्न होतं.

"अब्बा, मी बसणार नाही परीक्षेला."

"बरं," अब्बा म्हणाले. "आधी ह्याला धागा काढ."

मला रागच आला. माझं सगळं बुडालं आणि यांना कोटाची पडली आहे. मी रिळांच्या डब्यातून अगदी जुळता शेवाळी धागा काढला आणि त्यांच्यापुढे जवळजवळ आदळला. त्यांनी तो बोटांत चोळला.

"डब्यातला न्हाई गं. कोट उलटा कर. आत शिवणीत कापड दडलेलं असतंय, त्यातला वढ. भाईरचा कितीबी जुळता असू दे, उन्हात गेला की उघडा पडतोय. आन् भोकाकडं काय बघत बसलीस? कडंचं धागं बघ. कुठला वर गेलाय, कुठला खाली, तसं भरायचं."

जन्मभर मी हे काम बघत आले होते आणि एकदाही नीट बघितलं नव्हतं. मी शिवण उसवून धागा ओढून दिला. अब्बांनी सुई घेतली. धागा नेढ्यात जाईना. एकदा, दोनदा, सात वेळा. त्यांनी धागा ओला केला, उजेडाकडे वळले, म्हणाले, "सुई खराब हाय."

सुई खराब नव्हती.

"कधीपासून दिसत नाही?"

"दिसतंय की."

"अब्बा."

"ईदेपास्न," ते म्हणाले. सात महिने झाले होते ईदेला.

"मग शेजारी दुकानाचे मालक बसलेत ना दिवसभर. त्यांना सुई ओवून मागायला काय झालं होतं?"

अब्बा कोटाची सुरकुती उगाच सारखी करत राहिले. आणि ते वाक्य माझ्या डोक्यात जसंच्या तसं उभं राहिलं. म्हातारा, शेजारी, मदत मागेना. ॲरोगंट नव्हे, माझ्या अब्बांनी आयुष्यात कुणाला हलकं लेखलं नाही. कन्सीटेडही नव्हे. प्राउड, मानी. मला तिथंच रडू फुटलं, आणि अब्बांना वाटलं, परीक्षेसाठी रडते आहे.

संध्याकाळपर्यंत मी धागे बघून सांगत होते आणि ते बोटांनी भरत होते. भोक कुठं होतं ते सुभेदारांनाही सापडलं नाही.

उरलेले आठ दिवस मी वही उघडली नाही. चारही पर्याय अंगठ्यानं झाकायचे. वाक्य दोनदा वाचायचं, रिकाम्या जागेच्या अलीकडचे पलीकडचे शब्द बघायचे, तिथं मी काय म्हटलं असतं ते मराठीत म्हणायचं, आणि मग अंगठा काढायचा. दिवसरात्र तेवढंच केलं. गणिताला हातसुद्धा लावला नाही, ते काय, येतंच होतं मला.

परीक्षा दिली, सांगलीची खोली सोडून घरी आले आणि निकाल लागला. इंग्रजी निघालं, चांगल्या गुणांनी निघालं. गणित मात्र कसंबसं काठावर निघालं आणि एकूण बेरजेत मी खाली राहिले. संपलं. मी मोबाइल पालथा ठेवला आणि ओट्याकडे गेले.

"इंग्रजी निघालं?" अब्बांनी विचारलं.

"निघालं," मी म्हणाले. पुढचं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी सुया एकेक करून डबीत ठेवल्या आणि झाकण लावलं. "डोळ्यांनी लय वढलं, बेटा. आता उद्यापास्न न्हाई बसत." मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मालकांना हाक मारून काही सांगितलं. पोरीचं इंग्रजी निघालं म्हणाले. मालकांनी पेढे मागवले. मला सांगायला लाज वाटते, पण मी पेढा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या सतरंजीवर मी बसले. बँकेचं पत्र येईपर्यंत जागा रिकामी नको, असं मी घरी सांगितलं. वर्ष होत आलं. रोज संध्याकाळी अब्बा खाटेवरून विचारायचे, "आलं का गं पत्र?" मी म्हणायची, "अजून नाही."

परवा त्यांनी विचारलं नाही. माझा हात हातात घेतला, सुईनं बोटांच्या टोकांना पडलेले घट्टे अंगठ्यानं एकेक करून चाचपले आणि बराच वेळ हात तसाच धरून बसले. मग म्हणाले, "जेवायला वाढ."