मिठागरावरचा रोलर

"आधी ऐकू दे," असं म्हणून तो स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. डॉक्टर छाती तपासतात ना, तसा. माणसांचं बोलणंही तसंच डोळे मिटून ऐकायचा. अशा माणसाच्या मनात काय चाललंय, ते कसं कळणार?

मुलुंडजवळच्या मिठागरावर आम्ही नऊजणी कामाला होतो. पाऊस संपला की मिठाचे वाफे पायांनी तुडवून टणक करायचे, हे आमचं काम. त्या वर्षी मालकाने हा मिस्त्री आणला. कुठल्याशा बंगल्यातलं गवत कापायचं जुनं यंत्र त्याने हातगाडीवरून आणलं. पाती काढली, इंजिन ठेवलं आणि डांबराच्या पिंपात काँक्रीट भरून त्याचा रोलर केला.

जेवायला जाताना तो सगळं गोणपाटाने झाकायचा. सुटे बोल्ट मोजून खिशात टाकायचा. तुम्ही तिथे असता तर तुम्हालाही संशय आला असता.

"मिस्त्री, नवरी हाय का ती, झाकून ठेवलीस?" आमच्यातली पार्वती विचारायची.

"हात लागला तर बिघडेल, मावशी."

"आमचे हात वाईट, नि तुझी नियत चांगली व्हय?"

तो हसायचा. "अहो, हा रोलर वाफ्यांमधल्या बांधासाठी आहे. टोपल्या घेऊन घसरता ना तुम्ही? तो बांध दाबायचाय."

"बायांच्या पायांसाठी मालक पेट्रोल जाळतोय! ऐका!"

त्यातच मुकादम बोलून गेला, "रोलर चालू दे, मग बघू यंदा बायका किती लागतात." माझा नवरा अंथरुणाला खिळलेला. घरात कमावणारी मी एकटी.

मी चारचौघींत बोलणारी नव्हे. रोलर चालवून बघायच्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी गेले. भरती होती. खाडीचं पाणी अडवणारी पाटाची फळी उपसली, बांधाच्या कडेला पाणी सोडलं आणि तासाभराने फळी परत बसवली.

मालकासमोर रोलर फटफटत निघाला. दहा पावलं झोकात गेला. बायकांचे चेहरे उतरले. मग बांध एका बाजूने खचला आणि पिंप चिखलात रुतलं. पार्वतीने टाळी वाजवली.

मिस्त्रीने वाकून कडेची माती बोटांनी दाबली. मग आमच्याकडे पाहिलं. आठजणींचे पाय कोरडे होते. माझे गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले.

"काय झालं रे?" मालक ओरडला.

"वजनाचा अंदाज चुकला, शेठ. चूक माझी."

त्याला त्याच दिवशी काढलं. बांध झाल्यावर रोलर आमच्या वाफ्यांवर आला असता की नाही, ते मला आजही सांगता येत नाही. आला असता, असंच वाटतं.

इंजिन हातगाडीवर बांधून तो निघाला. माझ्यापाशी थांबला. "ताई, बांध आतून ओला आहे. टोपली जपून न्या."

बांध सुकायला आठ दिवस लागले. तोवर आम्ही टोपली डोक्यावर घेऊन, एकमेकींचे हात धरून त्यावरून जात होतो. पुढे चालणारी पार्वती पावलापावलाला मिस्त्रीला शिव्या घालायची. मी तिचा हात घट्ट धरून मागून चालायचे.