क्लाऊडवरची लग्नपत्रिका

लग्नपत्रिकांच्या दुकानातला उरलासुरला कागद रद्दीवाला नेतो, किस्से मात्र कुणी नेत नाही. पिंपळगाव राजातल्या आमच्या दुकानात त्यांचा ढीग लागलाय. निम्मे तर आमचे डिझायनर रफिकभाई यांचेच. माणूस मोडेल पण वाकणार नाही!

* * *

नवी विंडोज आली. रफिकभाईंच्या कॉम्प्युटरवर ती चालेना. खामगावचा सेल्समन म्हणाला, "हा डबा भंगारात टाका, साहेब."

रफिकभाई माझ्याकडे वळले. "म्हातारा झाला म्हून भंगारात? मंग मले काऊन ठेवलं तुमी?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच डब्यावर विंडोज काढून फुकटातलं लिनक्स टाकलं. आजही मजेत चालतंय.

* * *

आमची टायपिस्ट वनिता पक्की विंडोजवाली. तिच्या जुन्या मराठी फॉन्टची फाईल लिनक्सवर उघडली, तर नवरदेवाच्या जागी नुसते चौकोन!

"भाई, तुमच्या लिनक्सनं नवरदेव गायब केला!"

ऐन सीझनमध्ये, दारात गिऱ्हाईक उभं असताना, तिच्या मशीनवर विंडोजचा अपडेट सुरू झाला आणि काम ठप्प. रफिकभाईंनी संधी सोडली नाही. "पंगत बसली अन् तुहा आचारी आंघोळीले गेला!"

* * *

सेल्समन पुन्हा आला. "सगळ्या फाईली क्लाऊडवर, म्हणजे इंटरनेटवरून आमच्याकडे ठेवा. आमचा सर्व्हर कधीच बंद पडत नाही."

"तुमचा नाही पडत हो. आमच्या रोडावर जेसीबी आला का केबल तुटते, त्याले सांगसान का?"

तरी मी क्लाऊड घेतलंच. दुकान माझं आहे, हट्ट मलाही आहे! रफिकभाई मात्र प्रत्येक फाईलची कॉपी आपल्या डब्यात ठेवत राहिले.

* * *

मग गावातल्या कविताचं लग्न ठरलं. बापानं दुसरा संसार थाटल्यावर आईनं, मंदाबाईंनी, ब्लाउज शिवून तिला वाढवलं. पत्रिकेचा मजकूर घेऊन आले मात्र काका. वर बापाचं नाव, खाली निमंत्रक म्हणून झाडून सगळे काका. आईचं नाव कुठेच नाही! माझं डोकंच फिरलं. क्लाऊडवरच्या फाईलची, दुरुस्तीसाठीची लिंक मी थेट नवरीला पाठवली.

संध्याकाळी फाईल उघडून बघतो तर बाप गेला, काका गेले! "मंदाबाईंची मुलगी कविता." निमंत्रक, मंदाबाई. बस्स. मी तीच छापली.

मायलेकी पत्रिका न्यायला आल्या, मागोमाग थोरले काका आले.

"हे कोनं केलं? आमची पहिली फाईल काढा! रफिकभाई, तुमच्या डब्यात सगळंच असते, मले मालूम आहे!"

फाईल होतीच. मंदाबाई छापील पत्रिका हातात घट्ट धरून उभ्या होत्या.

रफिकभाईंनी मॉनिटर बंद केला.

"आता डब्यात कोन ठेवते, भाऊ? सगळं क्लाऊडवर असते!"