बोटीचं इंजिन आणि आमचा स्टोव्ह

आज जावई अंगणात मोटरसायकलची चेन घासलेटने धूत बसले आणि त्या वासासरशी माझा जुना मत्सर उसळून आला, तोही एका इंजिनाचा.

आमचे हे फिटर होते ती कापडाची मिल बंद पडली, तेव्हापासून हे घरात तोंडच उघडेनात. मग एका सेठजींनी आपल्या शिडाच्या बोटीचं इंजिन साफ करायला आणून टाकलं. वारा पडला की तलावात तेच चालवायचे म्हणे. यांनी माझी मऊ सुती साडी फाडून चिंध्या केल्या. साडी यांच्याच मिलची! घासलेटने खाचाखाचांतला काळा चिकटा काढताना त्या लोखंडाशी गुजगोष्टी चालायच्या, "अरे यार, काय हाल केले रे तुझे!" मी चहा ठेवला तरी मान वर नाही. मिलनंतर त्या हातांना पहिल्यांदाच कुणीतरी बोलावलं होतं, हे आज कळतं. तेव्हा वाटायचं, याच्यापेक्षा सवत परवडली.

इंजिन गेलं आणि हे पुन्हा गप्प. दुसऱ्या सकाळी मी आमचा चांगला चालणारा स्टोव्ह त्यांच्यापुढे ठेवला. "बिघडलाय," म्हटलं.

त्यांनी पंप मारून पेटवला. निळी ज्योत भरभरून आली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, स्टोव्ह विझवला आणि सगळा खोलून ठेवला.

"हो, बहुत बिघडलाय," म्हणाले. "बस इथे. वेळ लागेल."