पहिला हात

उंद्री गावच्या पंचफुलानं वर्षभर घराचा उंबरठा ओलांडला नव्हता. सतरा वर्षांची पोर. आजारी नव्हती की खुळी नव्हती. एके काळी तिच्या बडबडीनं अख्खी गल्ली वैतागायची. आता मधल्या अंधाऱ्या खोलीत भिंतीला टेकून बसायची आणि आईनं भाकर पुढं ठेवली तर चार घास गिळायची. विहिरीवरच्या बायांनी आधी हळहळ केली, मग त्यांनाही सवय झाली. गावाचं असंच असतं. दहा दिवस डोळ्यांत पाणी, अकराव्या दिवशी निंदण-खुरपण.

झालं होतं ते असं. मागच्या वर्षी, म्हणजे त्रेसष्ट साली, घट बसायच्या आधी घरं पोतारायची, भिंतींवर ओल्या मातीचा हात फिरवायचा म्हणून पांढरी माती आणायला ती आणि तिची जिवाची मैत्रीण चांगुणा गावाबाहेरच्या खदानीवर गेल्या. वरवरची माती बायांनी कधीच खरवडून नेलेली. पंचफुला म्हणाली, "चांगुणे, आतली पाह्य, कशी लोण्यावानी हाये! जराक आत जाय."

चांगुणा वाकून आत शिरली आणि पावसानं भिजलेली दरड तिच्यावर कोसळली. पंचफुलानं नखं तुटेस्तोवर उकरलं. माणसं धावत आली तोवर सगळं आटोपलं होतं.

आपणच तिला आत जा म्हटलं, हे पंचफुलानं कुणालाही सांगितलं नाही. सांगणार तरी कोणत्या तोंडानं? चांगुणाची आई रुखमाबाई विधवा, तिची एकुलती एक लेक गेलेली. गावानं तर भलताच शहाणपणा केला. दुःखातल्या माणसाला छेडू नये म्हणून कुणी पंचफुलाला हाकच मारली नाही. पोरीला वाटलं, सगळ्यांना कळलं आहे. भलेपणाचाही जाच असतो बाप्पा!

वर्ष सरलं. आमच्याकडची रीत अशी, की मयतीच्या घराच्या भिंती वर्षभर पोतारायच्या नाहीत आणि त्यानंतर पहिला हात बाहेरच्या बाईनं मारायचा. रुखमाबाईकडं त्यासाठी शेजारची गोजरबाई आली, तानुबाई आली. तिनं दोघींना चहा पाजून वाटेला लावलं. मग एका सकाळी ती स्वतःच पंचफुलाच्या दारात येऊन उभी राहिली.

"चाल वं. माह्या घराले पहिला हात तुहा पाहिजे."

"मी नाही येत, मावशी."

"काऊन?"

पंचफुला आणखीच भिंतीकडं सरकली. रुखमाबाईनं तिचा दंड धरला आणि ओढतच नेलं. उन्हानं पोरीचे डोळे दिपले, गल्लीत दोनदा ठेच लागली. ओट्यावरची माणसं बघत राहिली.

घमेल्यात माती कालवून ठेवलेली होती. पंचफुलानं पोतेरं बुडवलं, हात भिंतीपर्यंत नेला आणि तिथंच थांबली. असलं पाप पोटात ठेवून या घराला पहिला हात लावायचा? तिच्यानं होईना.

"मावशी, मीच तिले आत धाडलं. मीच म्हणलं, आत जाय."

पंचफुलाला वाटलं, आता ही हाकलणार. हाकललं तर बरंच होईल, असंही वाटलं.

रुखमाबाई घमेल्यापाशी खाली बसली. "तिच्या अंगात ताप होता त्या दिवशी. नाही जात म्हणे. मी म्हणलं, कामाचा कंटाळा हाये तुले. झाडूनं हाणलं मी तिले, पंचफुले. तसंच गेलं लेकरू. हे मी कोनापाशी बोलू?"

पंचफुला वर्षभरात पहिल्यांदा मोठ्यानं रडली. रुखमाबाईनं तिचं डोकं मांडीवर ओढून घेतलं आणि तीही रडली, शेजारपाजारची पर्वा न करता. भिंत त्या दिवशी कोरडीच राहिली.

दिवेलागणीला पंचफुला उठली, तर रुखमाबाईनं तिचा हात सोडला नाही.

"आता घरी कोपऱ्यात नको रडू. अठी येत जाय. मलेबी एकटीनं रडाचा कंटाळा आला वं माय."