मैदानावर कोण आहे?

माणूस धरून ठेवण्यात माझ्या सासऱ्यांचा हात धरेल असा इसम अख्ख्या गिरणगावात नाही, गिरगावात तर नाहीच नाही. मी स्वतः गिरगावचा, म्हणून खात्रीने सांगतो. आमच्या वाडीत पाहुणा नुसता चुळबुळला की आम्ही त्याच्या चपला शोधून देतो. सासऱ्यांकडे मात्र चपला घालून लिफ्टपर्यंत पोचलेला माणूस परत आत येऊन सोलकढी पिऊन जातो. नोकरी त्यांनी पोटासाठी केली आणि लालबागचा कबड्डी संघ जिवासाठी सांभाळला. एखादा मुलगा सलग दोन संध्याकाळी सरावाला आला नाही की तिसऱ्या दिवशी हे त्याच्या दारात उभे. "काय रे, बरं आहे ना?" एवढंच विचारायचे. ओरडणं नाही, बोलणी नाहीत. पोरगं निमूट मागोमाग यायचं. पुढे खोल्या विकून एकेक घर विरार-डोंबिवलीला गेलं आणि एका संध्याकाळी मैदानावर फक्त सासरे आणि त्यांनी आखलेली चुन्याची रेघ उरली. तिथे आता टॉवरचं पार्किंग आहे. करी रोडच्या घरी येताना सासरे ती गल्ली टाळून मोठा वळसा घालतात आणि वर "तेवढंच चालणं होतं" म्हणतात.

तर अशा माणसाच्या हाती माझ्या मेहुण्याने, म्हणजे त्यांच्याच मुलाने, काय दिलं? गेम सर्व्हर! सर्व्हर म्हणजे इंटरनेटवरचं एक गावच. लोक आपापल्या घरून त्यात शिरतात, ठोकळे रचून घरं बांधतात, गहू पेरतात, अंधार पडला की भुतांशी लढतात. मेहुणा आणि त्याचे चार मित्र हौसेने ते चालवत. मस्कतला नोकरी लागल्यावर तो म्हणाला, "आता बंद करतो." सासरे उखडले. "चालता संघ बंद करतात? लाज नाही वाटत?" शेवटी मेहुण्याने सगळं त्यांच्यावर सोपवलं, पण एका अटीवर. पुढच्या दिवाळीपर्यंत संध्याकाळची माणसं टिकली तर ठीक, मैदान ओस पडलं तर तो कुलूप लावणार. त्या दिवसापासून सासऱ्यांची झोप उडाली.

सर्व्हर हा शब्द त्यांच्या तोंडी कधी आला नाही. त्यांचं ते मैदानच. संध्याकाळी हातपाय धुऊन, लॅपटॉपला नमस्कार करून ते आत शिरत आणि एका बोटाने टाइप करत. नवीन कुणी आलं की पहिला प्रश्न, "ये रे. जेवलास का?" मेहुण्याच्या मित्रांनी सुचवलं, काका, मोठ्या सर्व्हरवर नव्या माणसाला हिरे आणि तलवारी फुकट देतात, आपणही देऊ. सासरे म्हणाले, "तलवारीसाठी आलेला तलवार घेऊन जाईल. त्याला आधी बसू तर द्या!" डार्क किलर नावाचा एक महाभाग यायचा आणि लोकांची घरं फोडून जायचा. सगळे म्हणाले, हाकला त्याला. सासऱ्यांनी त्याला रात्रीच्या पहाऱ्याचा कॅप्टन केला. संघात सगळ्यात वांड मुलाकडेच ते सामानाच्या खोलीची किल्ली द्यायचे म्हणे. गडी इतका बदलला की दुसऱ्याच्या अंगणातलं फूल तोडणाऱ्यालासुद्धा जाब विचारू लागला.

इथवर सगळं कौतुकाचं होतं. पण संक्रांतीला सासऱ्यांनी सगळ्या खेळाडूंना कुरिअरने तिळगूळ पाठवला, आणि त्यासाठी पत्ते मागून घेतले. तिथेच घात झाला. ड्रॅगन क्वीन नावाची खेळाडू दोन संध्याकाळी आली नाही, तर तिसऱ्या दिवशी हे शर्टाला इस्त्री करून तयार! मी म्हटलं, "अहो बाबा, इंटरनेटवरच्या माणसाच्या घरी जात नसतात." "मग कुणाच्या घरी जातात, जावईबापू?" सासूबाई आतून म्हणाल्या, "ह्येंका सांगान काय उपेग नाय. तुमी सोबत जावा." गेलो बदलापूरला. दार उघडलं ते एका खमक्या आजींनी. "आम्ही मैदानावरून आलो," सासरे म्हणाले. "ताई दोन दिवस दिसल्या नाहीत. बरं आहे ना?" मागून कणकेच्या हातांनी एक चाळिशीतल्या बाई आल्या आणि पांढऱ्याफटक पडल्या. याच त्या ड्रॅगन क्वीन. या वयात काय खेळता म्हणून घरचे हसले, म्हणून त्यांनी खेळ सोडला होता. सासरे आजींना गंभीरपणे म्हणाले, "आमच्या गावची सगळी शेती तुमच्या सुनेच्या जिवावर आहे. गहू कापायचा राहिलाय." आजी थक्क. "घरात कुंडीला पाणी घालत नाही हो ही!" मी मान खाली घालून पोहे खाल्ले. दुसऱ्या दिवशी बाई मैदानावर हजर होत्या.

पण सगळेच कसे बदलापूरचे असणार? ठाण्याच्या एकाने "काका, प्लीज घरी येऊ नका" असं लिहिलं आणि तो जो गेला तो गेलाच. त्याच्यामागोमाग बरेच जण मोठ्या सर्व्हरकडे पांगले. मोजकी डोकी उरली. दसरा झाला तसा मस्कतहून फोन आला, "बाबा, किती राहिले?" सासरे म्हणाले, "आहेत रे," आणि फोन ठेवून बराच वेळ गॅलरीत उभे राहिले. त्यातच मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. डॉक्टरांनी स्क्रीन बंद केली. सासऱ्यांनी आम्हाला बजावलं, "मैदानावर कळता कामा नये, मस्कतलाही नाही. सगळे पांगतील." मला फार वाईट वाटलं हो. काळा चष्मा लावून ते दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसत.

तिसऱ्या संध्याकाळी इंटरकॉम वाजला. वॉचमन म्हणाला, "साहेब, खाली कोणी डार्क किलर आलाय. वर सोडू?" भायखळ्याला भाजीच्या गाळ्यावर बसणारा धिप्पाड गडी, हातात मेथीच्या जुड्या आणि तिळगुळाच्या पाकिटावरचा पत्ता घेऊन दारात उभा. "काका दोन दिवस आले नाहीत. बरे आहेत ना?" त्याच्यामागे ड्रॅगन क्वीन, चिवड्याचा डबा आणि सासू. मग आणखी एक, मग आणखी दोघं. खुर्च्या संपल्या तेव्हा लोक जमिनीवर बसले. सासऱ्यांनी काळ्या चष्म्याआडून सगळ्यांचे आवाज ऐकले, एकेकाचं नाव विचारलं. आणि मग एकदम ताठ होऊन ओरडले, "सगळे इथे आलात? मग मैदानावर कोण आहे?"

मग ते माझ्याकडे वळले. "जावईबापू, तुम्ही जा."

गेलो. आतल्या खोलीत लॅपटॉप उघडला, सवय नसताना नमस्कारही केला आणि माझ्याच नावाने आत शिरलो. गाव रिकामं होतं. गहू पिवळा होऊन उभा. तेवढ्यात कुणीतरी आलं. नाव वाचलं. मेहुणा.

"कोणीच नाही, भावोजी," त्याने लिहिलं. "मला वाटलंच होतं. बाबा कुठे आहेत?"

मी एका बोटाने लिहिलं, "बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय. आता बरे आहेत. ते दोन दिवस आले नाहीत म्हणून सगळं मैदान तुमच्या घरी आलंय."

बाहेरच्या खोलीत हशा पिकला होता, सासरे कुणाला तरी चढाई कशी करायची ते समजावत होते. मग मस्कतहून एकच ओळ आली, "राहू दे चालू. गहू कापायचा राहिलाय, मी कापतो."

तो एकटाच कापत राहिला. मला राहवेना. मी लिहिलं, "जेवलास का रे?"

"नाही अजून," तो म्हणाला. "तिकडे काय केलंय?"