भाजी खाणाऱ्या बाईंचं कोलेस्टेरॉल

सेबूजवळच्या कारकार गावच्या बाजारात डुकराची कातडी तळल्याचा वास सकाळपासून पसरतो. त्या वासातून एस्ताकिया बाई नाकाला रुमाल लावून शाळेत यायच्या. मी तिथेच गणित शिकवायचे. त्या आरोग्यशास्त्र शिकवायच्या, आणि शाळा सुटली तरी त्यांचं शिकवणं थांबत नसे. शेवग्याचा पाला, उकडलेला मासा आणि मूठभर भात यावर त्यांनी उभा जन्म काढला होता. धाकटा भाऊ एर्मो मात्र बाजारात तीच कातडी, चिचारोन, तळून विकायचा आणि प्रत्येक घाण्यातला पहिला तुकडा स्वतःच्या तोंडात टाकायचा. तू पन्नाशी बघणार नाहीस, असं त्या त्याला दर रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर चारचौघांत ऐकवायच्या.

एर्मोनं पन्नाशी गाठली. सत्तावन्नाव्या वर्षी छातीत कळ आली ती बाईंना, तीही भर वर्गात.

सेबूच्या इस्पितळात स्टेंट बसला. वाईट कोलेस्टेरॉल दोनशे साठ निघालं. तळलेलं किती खाता, असं तरुण डॉक्टरनं विचारलं, तेव्हा वर्गाबाहेर काढायच्या पोराकडे बघावं तसं बाईंनी त्याच्याकडे पाहिलं म्हणे. वडील चव्वेचाळिसाव्या वर्षी अचानक गेले होते, हे कळल्यावर डॉक्टरनं एर्मोचंही रक्त तपासलं. त्याचं अगदी व्यवस्थित आलं.

"हे वडिलांकडून तुमच्यात आलंय, भावात उतरलं नाही," डॉक्टर बाईंना म्हणाला. "तुमच्या जेवणाचा यात काही दोष नाही."

बाईंना यानं धीर आला नाही. परतीच्या बसमध्ये त्या भावापासून दोन बाकं लांब बसल्या.

कोलेस्टेरॉलच्या गोळ्या सुरू झाल्या, मग वाढवल्या, जोडीला दुसरी गोळी दिली. आकडा एकशे वीसवर येऊन अडला; हवा होता सत्तरच्या आत. मग नवं इंजेक्शन निघालं. पोटाच्या कातडीखाली एक, तीन महिन्यांनी दुसरं, आणि पुढे वर्षातून फक्त दोनदा. त्यानं यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल जास्त ओढून घेतं. बाईंना सुईची भीती. एर्मोनं त्यांचा हात धरला आणि ते साऱ्या बाजाराला सांगितलं. वर्षाअखेर आकडा बासष्टवर आला. गोळ्या आणि पथ्य मात्र सुटलं नाही.

बाईंचा मुलगा रोडेल तपासणीला तयार नव्हता. मी तेव्हा त्यांच्याकडेच बसले होते.

"आई, मी रोज बास्केटबॉल खेळतो. मला काय होणार?"

"मीही असंच म्हणत होते. तीस वर्षं मुलांना तेच शिकवलं."

"मग ते चूक होतं का?"

बाईंनी स्वतःच्या तपासणीचा कागद त्याच्यापुढे सरकवला.

"अर्धं," त्या म्हणाल्या.

रोडेलनं शेवटी रक्त तपासून घेतलं. एकशे नव्वद निघालं. त्याच आठवड्यात त्याची गोळी सुरू झाली.

आता बाई एर्मोच्या दुकानाशी खुर्ची टाकून बसतात आणि गिऱ्हाइकाला रक्त तपासून घ्यायला सांगतात. एर्मो वैतागतो, पण त्यांना उठवत नाही. गेल्या महिन्यात त्यांच्या आग्रहानं मीही तपासून घेतलं. सगळं ठीक निघालं. बाई जराशा हिरमुसल्या.